पाहुणा पाय

४ नोव्हेंबर, मंगळवार

गिअर पडलाच नाही!

पुलाचा चढ. पुढे सिमेंटचा ट्रक, मागे शाळेची बस. ट्रक रेंगाळला म्हणून मी तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेले — करर्र! आतून कुणीतरी वाळू चावावी तसा आवाज. दांडा हातात मागे आला. परत दाबला, परत करर्र. तोवर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. एक फूट. दीड फूट. आरशात बसची काच, काचेत ड्रायव्हरचं उघडं तोंड. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले — अक्षरशः उभी, डोकं छताला लागलं.

पहिला कसाबसा पडला. गाडी धक्के खात चढली. वर पोचल्यावर कडेला लावली आणि पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले. मागच्या सीटवर नमुन्यांची पुस्तकं, पडद्याचे दांडे, सगळं खाली सांडलं होतं. गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता. खिडकीची मापं घ्यायला बोलावलं होतं त्यांनी, अकराला.

डावा पाय थरथरत होता. उजवा नाही. फक्त डावा.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, “लेक शिकतेय ना गाडी? तिनेच लावली असेल वाट.” याला गाडी फक्त शेजारच्या सीटवरून चालवता येते. लायसन्स नाही, सल्ले मात्र इन्शुरन्ससकट!

लेक चिडली. “मी रविवारी एक तास चालवते, तीही मैदानात, तीही मामा शेजारी असताना. तू रोज आठ तास चालवतेस.”

खरं आहे. खोट्या शपथा वहीत कशाला? माझा पाय क्लचवरून उठत नाही. उगाच ठेवलेला असतो, पाटावर ठेवावा तसा. सिग्नलला चढ असला की ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवते. उतारावर न्यूट्रल करते — पेट्रोल वाचतं म्हणून. आणि हात कायम गिअरच्या दांड्यावर.

दादाने असं शिकवलं नव्हतं. दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, सत्तावीस वर्षं झाली. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानेच गाडी शिकवली. त्याचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ आहे: “डावा पाय पाहुणा! पाहुण्याने यावं, पोटभर जेवावं, निघावं. अर्धपोटी उठायचं नाही आणि जेवण झाल्यावर ठिय्या द्यायचा नाही.” म्हणजे क्लच दाबायचा तर तळापर्यंत, आणि काम झालं की पाय काढायचा. एखादीने अर्धवट दाबला की शेजारून ओरडायचा — “पोटभर! पोटभर!” त्याच्या शिकवण्या रस्त्यात ऐकू यायच्या. लोकांना वाटायचं खानावळ काढलीय.

माझा पाहुणा वीस वर्षं ठिय्या देऊन बसलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी मिस्त्रीकडे दिली. जीव मुठीत धरून नेली, सगळा रस्ता पहिल्या गिअरवर. मिस्त्रीने चालवून बघितली, दोन गल्ल्या फिरून आला आणि म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ताई. शनिवारी या. उघडून दाखवतो, मग काय ते बोला.”

रिक्षाने तीन घरं केली. एका बाईंना बेडरूमला काळे पडदे हवेत, उजेडाचा कणही नको म्हणे. मला सध्या असला पडदा मनावर हवाय.

८ नोव्हेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

मिस्त्रीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर सगळं मांडलेलं. आधी क्लच प्लेट उचलली — झिजून कागद झालेली, कडा निळ्या पडलेल्या. “हे पाय ठेवून चालवल्याने. अर्धा क्लच. जळालीय.” मी मान खाली घातली. चोराला कोतवालाने पकडावं तसं.

मग त्याने पितळेची रिंग हातात दिली. हिच्या कडेला बारीक दात असतात, गिअर बसवणारे. “टोकदार हवेत, पेन्सिलीसारखे. बघा.” दात गोल झालेले, चघळलेल्या गोळीसारखे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची अगदी वाट लागलेली. “हे पाय ठेवल्याने नाही होत, ताई. हे क्लच पूर्ण न दाबता गिअर टाकल्याने होतं. पेडल तळाला जातच नाही, वरच्या वर अडतं. मग दातावर दात.”

“शिकाऊ हात आहे घरात,” मी म्हटलं. लेकीवर ढकललं. लाज वाटते लिहिताना.

“शिकाऊ माणूस नाही. शिकाऊ घाबरून तळापर्यंत दाबतो, सोडताना चुकतो. हा मुरलेला ड्रायव्हर आहे. हात वेळेवर चालतो, पाय मागे राहतो.” मग चष्मा पुसत म्हणाला, “गंमत आहे. एक पाय उठत नाही आणि एक पाय पोचत नाही. एकाच माणसात दोन्ही खोडी मी तरी बघितल्या नाहीत.”

आणि मग सहज, अगदी सहज विचारलं — “डाव्या पायाला काही लागलंय का तुमच्या? जोर कमी पडतोय का?”

मी नाही म्हटलं. रिंग परत टेबलावर ठेवली. ठेवताना वाजली.

घरी आले आणि दारात चपला काढताना डाव्या पायाकडे बघत राहिले.

आई.

९ नोव्हेंबर, रविवार

आईचं चपलेने सुरू झालं होतं. औषधाच्या दुकानातून चालत घरी आली आणि दारात बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही! वाटेत कुठेतरी गळून पडली आणि तिला कळलं नाही. तळव्याला काच लागली होती, रक्त येत होतं, तेही कळलं नव्हतं. “अगं बाई, चप्पल कुठे गेली माझी?” म्हणून ती हसली. आम्हीही हसलो. दादा म्हणाला होता, “सिंड्रेला आली!”

सहा महिन्यांनी काठी. दीड वर्षाने खुर्ची. मग हात. मग गिळणं. शेवटी फक्त डोळे. दादा तिला उचलून गाडीत ठेवायचा, आठवड्यातून तीनदा दवाखाना. एकदाही कंटाळला नाही.

त्या वेळच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. काही घरांत हे रक्तातून उतरतं. तुमच्या आजोबांनाही हेच असणार. प्रत्येक मुलाला रुपयात आठ आणे. तुम्हाला आठ आणे, यांनाही आठ आणे. चाळिशीनंतर.

मी चव्वेचाळीसची. दादा बावन्नचा. आम्ही दोघं तिथून बाहेर पडलो आणि त्या विषयावर परत बोललो नाही. चौदा वर्षं.

हात वेळेवर चालतो, पाय मागे राहतो. मिस्त्री बोलून मोकळा झाला, मला मात्र दुसरं काही ऐकूच येत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज न्हाणीघरात दार लावून टाचांवर उभी राहिले. तीस मोजले. उजवा छान. डावा — पंचवीसनंतर दुखला. की दुखेल असं वाटलं म्हणून दुखला?

११ नोव्हेंबर, मंगळवार

तेवीस.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एकतीस! पण मध्ये बेसिनला हात लावला होता. मोजायचा का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच. तळव्याला मुंग्या येतात. मांडीत काहीतरी फडफडतं. गिऱ्हाइकाकडे स्टुलावर चढले, खिडकीची उंची घ्यायला, आणि उतरताना असं वाटलं की खाली जमीन नाही. बाईंनी हात धरला. “चक्कर आली का?” मी म्हटलं, उपाशी आहे. त्यांनी बिस्किटं आणली आणि मला चार खावी लागली.

माप चुकवून आले. चौऱ्याऐंशी इंचाचं अठ्ठेचाळीस लिहिलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

लेकीकडे बघवत नाही. मला आठ आणे असले तर तिला माझ्यातले आठ आणे. कालच अठरा पूर्ण झालीय असं वाटतं. परीक्षेचा अभ्यास करत पाय हलवत बसते — दोन्ही पाय, छान, सारखे. मी ते बघत बसते. “आई, काय बघतेस?” “काही नाही.”

नवऱ्याला सांगितलं नाही. तो लगेच सगळ्यांना सांगेल. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाडी मिळाली. नवी प्लेट, नव्या रिंगा. क्लच लोण्यासारखा. मिस्त्रीने बजावलं — “एक महिना झाला की या. तेल काढून बघू. तेलात पितळेचा चुरा दिसला तर समजायचं, खोड गेली नाही.”

मी प्रत्येक गिअरला पेडल तळापर्यंत दाबते आणि मनात म्हणते, पोटभर. पोटभर. पोटभर. येतो पाय तळाला. पण तो तळ आहे की मला वाटतंय तळ आहे? आईलाही वाटत होतंच की पायात चप्पल आहे.

दुपारी दादा आला, गाडी घेऊन गेला. शनिवार-रविवार गाडी त्याच्याकडे असते, मार्चपासूनच. स्कूटर बंद केली त्याने. “कंबर धरते, ठमे. बावन्न झाले, आता चार चाकं लागतात बुडाखाली.” शनिवारी वहिनीला फिरवतो, रविवारी माझ्या लेकीला शिकवतो. स्कूलच्या गाडीत हल्ली दुसरा मास्तर बसतो. दादा वर्गात फळ्यावर खडूने गिअरबॉक्स काढतो.

त्याला म्हटलं, “जपून चालव, नवा क्लच आहे.” तर म्हणतो, “मला शिकवतेस? गुरूला?” आणि किल्ली हवेत उडवून झेलली.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

तो किल्ली द्यायला वर आला होता. लेक कपडे बदलायला आत गेली. मी म्हटलं, “दादा, मिस्त्री म्हणाला की माझा डावा पाय पोचत नाही.” बास. एवढंच. त्याला लगेच कळलं. चहाचा कप तसाच हातात राहिला.

मग कप टेबलावर ठेवला. खाली बसला, माझ्यासमोर, फरशीवर. माझा डावा पाय मांडीवर घेतला. तळव्याला पंजा लावला. आईला डॉक्टर करायचे तसं. “ढकल.”

मी ढकललं.

“अजून. पोटभर ढकल.”

मी सगळा जोर लावला. त्याचा हात मागे गेला, कोपर सोफ्याला आपटलं. मग पाय वर ओढायला लावला. मग अंगठा. मग उजवा, मग परत डावा. खूप वेळ. त्याच्या कपाळावर घाम होता. एवढ्याशा कामाला?

“ठणठणीत आहे तुझा पाय,” म्हणाला. इतक्या खात्रीने म्हणाला की मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता, पायाकडेच बघत होता. “मिस्त्रीला काय कळतंय? पण तपासणी करून घे. मनात राहायला नको. मी येतो बरोबर.”

उठताना सोफ्याचा हात धरून उठला. कंबर!

त्याने एवढं सांगूनही भीती गेलेली नाही. उलट वाढली. विषय उघडला ना आता. झाकलेलं होतं तोवर बरं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांची वेळ मिळाली. पुढच्या सोमवारी. सहा दिवस! सहा दिवस माणसाने काय करायचं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

पडदे शिवले. सरळ शिवण आली. हात शाबूत आहेत अजून. “अजून” हा शब्द मी हल्ली फार वापरते.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या.

लेक मैदानातून आली, खूश. आज चौथ्या गिअरपर्यंत गेली म्हणे. “आणि आई, नवा क्लच काय, जुना काय, मामाने घेतली तरी गाडी करकरतेच! मामा म्हणतो, तुझ्या आईच्या गाडीला अक्कलदाढ येतेय.” हसत हसत आंघोळीला गेली.

मी हसले नाही. गाडी करकरते म्हणजे मी आठवडाभरात नव्या रिंगाही खाल्ल्या! म्हणजे पाय पोचत नाहीच. दादा खोटं बोलला. मला धीर द्यायला.

दुपारभर पलंगावर पडून होते, पाय भिंतीला लावून. मी देवाला फारसा त्रास देत नाही. आज दिला. म्हटलं, मला नको. लेक लहान आहे, मला नको. द्यायचंच असेल तर दुसऱ्या कुणालाही दे. कुणालाही. मी विचारणार नाही कुणाला दिलंस ते.

असं लिहू नये. पण म्हटलं ते म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दवाखाना. दादा नऊलाच खाली उभा, रिक्षा घेऊन. “गाडी नको, आज तुझं लक्ष नसेल.” मी म्हटलं, तू चालव. तर म्हणतो, “पार्किंग मिळत नाही तिथे.”

डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. हातोडीने गुडघे ठोकले. टाचणी टोचली. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. मग आत नेऊन पायाला तारा लावल्या आणि विजेचे झटके. मग बारीक सुई, थेट स्नायूत. सुई गेली की मशीनमधून आवाज येतो, पत्र्यावर पडलेल्या खड्यांसारखा. मी त्या आवाजाचा अर्थ लावत होते. बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसेना. पडदा कसा असावा ते त्यांच्याकडून शिकावं!

दादा शेवटी आत आला. बाईंना आईचा सगळा इतिहास त्यानेच सांगितला, तारखांसकट. मग विचारलं, “सुरुवातीला एकाच पायात येतं, तेव्हा किती महिने काढता येतात, कुणाला न कळता?”

मला राग आला. माझ्यासमोर असं विचारतात का? परत येताना रिक्षात बोलले नाही त्याच्याशी.

रिपोर्ट बुधवारी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तेहतीस. चौतीस. डावा. मग रडले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही! काही नाही! काही नाही!

सगळ्या नसा छान, सगळे स्नायू छान. बाई म्हणाल्या, “पाय तुमचा माझ्यापेक्षा बरा आहे.” रक्ताची तपासणी हवी तर करू म्हणाल्या, कायमचं कळेल. मी म्हटलं, नको, आज एवढं पुरे. जीव भांड्यात पडलाय, आता भांडं हलवू नका.

दादा बाहेर बाकावर होता. मी अंगठा वर केला. तो उठला नाही. तिथेच बसून रडायला लागला. लहान मुलासारखा, खांदे हलवत, लोक बघायला लागले. आईच्या वेळीही असा रडला नव्हता. मी म्हटलं, “अरे, मी मेले असते तरी इतका रडला नसतास!” तर माझा हात घट्ट धरून म्हणतो, “बरं झालं. बरं झालं गं, ठमे. तुला लेक आहे.”

बाकावरून त्याला मीच हात देऊन उठवलं. गुरूला!

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो आधी रागावला, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

३ डिसेंबर, बुधवार

आठवडा कसा गेला कळलं नाही. सात घरांचे पडदे लावले. स्टुलावर चढते, उतरते, चढते. मुंग्या गेल्या. फडफड गेली. म्हणजे सगळं डोक्यातच होतं!

पाय क्लचवरून उचलायची सवय लावतेय. डाव्या बाजूला एक जागा असते पाय ठेवायला, वीस वर्षांत पहिल्यांदा वापरली. पाहुणा वेळेवर निघतो आता.

८ डिसेंबर, सोमवार

सोमवारी सकाळी गाडी हातात आली की दुसरा गिअर खरखरतो. बुधवारपर्यंत अंगवळणी पडतो. थंडीने असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मिस्त्रीकडे गेले. ताठ मानेने गेले. त्याने गाडी वर चढवली, खालचा बोल्ट काढला, तेल थाळीत घेतलं आणि बोटावर घेऊन उजेडात धरलं. बोट चमकत होतं. सोन्याची पूड लावल्यासारखं.

“पितळ,” म्हणाला. “क्लच उत्तम आहे, ताई. पाय ठेवायची खोड गेली तुमची, शाबास. पण दुसरी आहे तशीच. कुणीतरी अर्ध्यावरच गिअर टाकतंय. महिन्यात एवढा चुरा! मागच्यापेक्षा जास्त.”

मी म्हटलं, “माझा पाय तपासून आणलाय मी! सुया टोचून घेतल्यात. लेखी आहे.”

तो हसला. “मग तुमचा नाही. मी म्हटलं नव्हतं? दोन पाय आहेत या गाडीत. दुसरं कोण चालवतं?”

“लेक. रविवारी.”

“आणि?”

“आणि माझा भाऊ. पण तो कसा असेल? तो ड्रायव्हिंग स्कूलचा —”

“अरे, पोटभरवाले? त्यांनीच तर मला गाडी शिकवली!” मिस्त्री म्हणाला. “मग ते सोडा. लेकच असेल तुमची. मीच चुकलो असेन.”

लेकीला आल्या आल्या झाडली. तिने शपथ घेतली, तळापर्यंत दाबते म्हणून. मग रुसून जेवायला आली नाही. रविवारी दादाला सांगते, तिच्या पायाकडे नीट लक्ष दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

१४ डिसेंबर, रविवार

दादा वर आलाच नाही. लेक आधीच उतरून मैत्रिणीकडे गेली म्हणे, आणि त्याने एकट्याने गाडी आणून लावली. खालूनच ओरडला, “किल्ली वॉचमनकडे ठेवलीय! घाईत आहे!” मी खिडकीत जाईपर्यंत तो कोपऱ्याशी पोचला होता. भिंतीला हात लावत चालला होता, रमत गमत. म्हणे घाई!

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी गाडीचं दार उघडलं. क्लचच्या पेडलखाली चप्पल. तपकिरी, नऊ नंबर, डाव्या पायाची.

तिथेच सीटवर बसून राहिले. चप्पल मांडीवर. मिस्त्री आठवला. उठत नाही तो माझा. पोचत नाही तो —

दुपारपर्यंत फोनची वाट बघितली. चप्पल राहिली का गं तुझ्याकडे, असं विचारायला. आला नाही. शेवटी वहिनीलाच केला, काहीतरी वेगळंच निमित्त काढून. तीच म्हणाली, “अगं, काल एकाच पायात चप्पल घालून घरी आले, विसरभोळे! डाव्या टाचेला रक्त. मी विचारलं तर म्हणतात, पट्टा तुटला, वाटेत फेकून दिली.”

मी हसले. ती ऐकत होती म्हणून हसले.

तेवीस तारखेचं पान काढून वाचलं. कुणालाही, असं लिहिलंय. माझंच अक्षर आहे.

चप्पल समोर टेबलावर ठेवलीय. उलटसुलट करून चार वेळा बघितली. पट्टा शाबूत आहे.